चर्चच्या किल्ल्या कुणाच्या हाती?

माझे वडील आमच्या मोहल्ल्यातल्या मस्जिदीच्या कमिटीवर अकरा वर्षे होते. बैठक बहुतेक इशाच्या नमाजनंतर भरायची. विषय ठरलेले असत. हौदाची गळती, भोंग्याची दुरुस्ती, रमजानच्या इफ्तारीचा हिशेब आणि पेशइमामांचा पगार. मी दहावीत असताना एका रात्री कमिटीतल्या चार-पाच जणांनी काहीतरी ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी फजरला इमामसाहेबांची खोली रिकामी होती. सहा वर्षे ते आम्हा पोरांना कुरआन शिकवत होते. अब्बांनी विरोध केला, पण ते एकटे पडले. मी त्यांना विचारलं, "काढायचा हक्क यांना दिला कुणी?" अब्बा म्हणाले, "पगार देतात ना." उत्तर मला पटलं नाही. त्यांनाही ते पटलं नसावं, कारण पुढच्या वर्षी त्यांनी कमिटी सोडली.

पुढे अमेरिकेचा इतिहास वाचताना हाच प्रश्न मला व्हर्जिनियातल्या चर्चमध्ये पुन्हा भेटला. तिथे पाद्री होते, तंबाखू होती, आणि पाद्र्याचा पगार ठरवणारे बारा जमीनदार होते. त्यांच्या पंचमंडळाला व्हेस्ट्री म्हणतात. गेली काही वर्षे मी मिळेल ते या विषयावर वाचतो आहे. आमच्या मित्रमंडळींत यावरून माझी थट्टाही होते. पण धर्मस्थळ कुणाचं, तिथे बसणाऱ्यांचं, पैसा देणाऱ्यांचं, धर्म शिकवणाऱ्याचं की वरच्या पीठाचं, या भांडणाचा चारशे वर्षांचा लेखी पुरावा इतका सलग फार थोड्या ठिकाणी सापडतो.

आधी शब्द समजून घेऊ. इंग्लंडमध्ये चर्चच्या आत पाद्र्याचे झगे ठेवायची एक खोली असे. झग्यांना व्हेस्टमेंट म्हणतात, म्हणून ती खोली व्हेस्ट्री. गावकरी तिथेच जमून चर्चचा हिशेब पाहत, त्यामुळे खोलीचं नाव बैठकीला लागलं आणि बैठकीचं नाव माणसांना. त्यातले दोन कारभारी म्हणजे वॉर्डन. यापैकी कुणालाही धर्मदीक्षा मिळालेली नसते. शेतकरी, व्यापारी, वकील, असे प्रापंचिक लोक. ज्या वस्तीचं ते चर्च, ती वस्ती म्हणजे पॅरिश. इंग्लंडच्या राजाला मानणारं हे चर्च अमेरिकेत स्वातंत्र्यानंतर एपिस्कोपल चर्च या नावाने उभं राहिलं. एपिस्कोपल म्हणजे बिशपांचं. नावात बिशप आणि कारभारात पंच, ही त्याची गंमत आहे.

ही गंमत घडली ती अंतरामुळे. जेम्सटाउनची वसाहत 1607 मध्ये बसली. तिथपासून स्वातंत्र्ययुद्ध संपेपर्यंत अमेरिकेत या चर्चचा एकही बिशप राहत नव्हता. कारभार नावाला लंडनच्या बिशपकडे. पाद्री व्हायचं तर अटलांटिक ओलांडून लंडन गाठायचं. बिशप नाही म्हणजे पाद्र्याच्या पाठीशी उभं राहणारं कुणी नाही, आणि व्हेस्ट्रीला विचारणारंही कुणी नाही. 1662 च्या कायद्याने व्हर्जिनियात प्रत्येक पॅरिशला बारा 'सर्वांत समर्थ' पुरुषांची व्हेस्ट्री दिली. पहिले बारा लोकांनी निवडायचे. पण एखादा मेला किंवा गाव सोडून गेला तर त्याच्या जागी नवा माणूस पाद्री आणि उरलेले पंच मिळून घेणार. म्हणजे एकदा निवडणूक झाली की पुन्हा लोकांकडे जायचं कारण नाही. घराणी ठरून गेली. 1676 मध्ये नॅथॅनिएल बेकनने बंड केलं, तेव्हा त्या उन्हाळ्यात झालेल्या कायद्यांत दर तीन वर्षांनी व्हेस्ट्री निवडण्याचंही एक कलम होतं. बंड मोडलं, पुढच्या वर्षी कायदे रद्द झाले आणि बारा जमीनदार होते तिथेच राहिले.

व्हेस्ट्रीकडे काय काय होतं हे पाहिलं की ती नुसती चर्चची कमिटी नव्हती हे कळतं. गरिबांना मदत, अनाथ मुलांना कामाला बांधून देणं, दर चार वर्षांनी शेतांच्या बांधांवरून फिरून हद्दी पक्क्या करणं, ही कामं तिचीच. रविवारी चर्चला न येणारे, शिव्या देणारे, व्यभिचार करणारे यांची नावं वॉर्डन कोर्टात देत. आजच्या भाषेत ग्रामपंचायत, तलाठी आणि थोडेफार पोलीस पाटील, सगळं एकत्र.

आणि कर. वर्षाचा सगळा खर्च मांडायचा, त्याला पॅरिशमधल्या करपात्र डोक्यांनी भागायचं, आणि डोईवर इतकी तंबाखू असा आकडा जाहीर करायचा. पाद्र्याचा वर्षाचा पगार 1696 पासून 16,000 रतल तंबाखू ठरला होता. (पौंड वजनाला आपल्याकडे पूर्वी रतल म्हणत. चलनातल्या पौंडाशी गल्लत नको म्हणून तोच शब्द वापरतो.) करपात्र डोकं कुणाचं? सोळा वर्षांवरचे गोरे पुरुष. आणि सोळा वर्षांवरचे काळे, पुरुष आणि बायका दोन्ही. गोऱ्या बाईचं डोकं मोजलं जात नव्हतं, काळ्या बाईचं मोजलं जात होतं. कर मालकाने भरायचा, पण ज्या तंबाखूत भरायचा ती पिकवणारे हात कुणाचे हे सांगायला नको.

मेरीलँड या शेजारच्या वसाहतीतही हेच चर्च सरकारी होतं, आणि तिथेही डोईवर तंबाखूचा चर्चकर होता, चाळीस रतल. इथे मला अय्यूब सुलेमान दियालो आठवतात. सेनेगलजवळच्या बुंदूमधल्या आलिम घराण्यातला हा तरुण, हाफिज-ए-कुरआन. पकडून 1730-31 च्या सुमाराला अॅनापोलिसच्या बंदरात विकला गेला. केंट बेटावरच्या तंबाखूच्या मळ्यात राबताना तो रानात जाऊन नमाज पढायचा, तेव्हा एक गोरा पोरगा त्याच्या तोंडावर माती फेकायचा. तो पळाला, डेलावेअरच्या केंट काउंटीत तुरुंगात पडला. तिथे थॉमस ब्लूएट नावाच्या माणसाने त्याला पाहिलं आणि पुढे 1734 मध्ये त्याची हकिकत छापली. अय्यूबने बापाला अरबीत लिहिलेलं पत्र लंडनला पोचलं, त्यातून त्याची सुटका झाली आणि 1734 मध्ये तो गॅम्बियाला परतला. फार थोड्यांच्या नशिबी हे आलं. कायदा होता तसा पाळला गेला असेल, तर अय्यूबच्या डोक्यावरही वर्षाला चाळीस रतल तंबाखू त्या चर्चसाठी मोजली गेली असणार. रानात लपून नमाज पढणाऱ्या हाफिजाच्या घामातून पाद्र्याचा पगार. व्हेस्ट्रीला लोकशाहीची पहिली शाळा म्हणणारे अमेरिकी लेखक मी बरेच वाचलेत. त्यांच्या पुस्तकांत हे डोकं सहसा सापडत नाही.

आणखी एक काळं पान इथेच उलटतो. व्हर्जिनियाच्या 1691 च्या कायद्याप्रमाणे गोऱ्या बाईला काळ्या पुरुषापासून मूल झालं तर तिने महिन्याच्या आत पंधरा पौंड दंड चर्चच्या वॉर्डनकडे भरायचा. नाही भरला तर वॉर्डनने तिला पाच वर्षांसाठी विकायचं. पैशाचा एक हिस्सा राजाला, एक पॅरिशला आणि एक चुगली करणाऱ्याला. मूल वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत कामाला बांधलेलं, आणि बांधून देणार तेही वॉर्डनच. लोकांनी लोकांचं धर्मस्थळ चालवलं की ते आपोआप दयाळू होतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा कायदा वाचावा.

आता तंबाखूचा खटला. पाद्र्याचा पगार रतलांत ठरलेला, त्यामुळे भाव पडला की पाद्री उपाशी आणि भाव चढला की पाद्री श्रीमंत. एरवी भाव रतलाला दोन पेन्सच्या आसपास असे. 1758 मध्ये पीक बुडालं आणि भाव सहा पेन्सकडे गेला. गणित सोपं आहे. दोन पेन्सच्या दराने 16,000 रतलांचे सुमारे 133 पौंड होतात, सहाच्या दराने 400. वसाहतीच्या विधिमंडळाने घाईने कायदा केला की यंदा तंबाखूऐवजी रतलाला दोन पेन्स रोख दिले तरी चालतील. पाद्री चिडले. पडत्या भावात आमचं नुकसान कुणी भरून दिलं नाही, मग चढत्या भावाचा फायदा का काढून घेता? मला विचाराल तर त्यांची तक्रार हिशेबाने बरोबर होती. त्यांनी आपला माणूस लंडनला पाठवला आणि राजाने 1759 मध्ये कायदा नामंजूर केला.

मग जेम्स मॉरी नावाच्या पाद्र्याने थकबाकीसाठी हॅनोव्हर काउंटीच्या कोर्टात दावा लावला. कोर्टाने कायदा पोकळ ठरवला. उरला एवढाच प्रश्न की भरपाई किती, आणि ती ज्युरी ठरवणार. 1 डिसेंबर 1763 ला पॅरिशच्या वसुली करणाऱ्यांच्या बाजूने सत्तावीस वर्षांचा एक वकील उभा राहिला. त्याचं नाव पॅट्रिक हेन्री. न्यायासनावर बसला होता त्याचा बाप, आणि त्याचा सख्खा काका याच चर्चचा पाद्री. हेन्रीने हिशेबाला हातच लावला नाही. प्रजेच्या भल्याचा कायदा रद्द करणारा राजा हा प्रजेचा बाप राहत नाही, जुलमी होतो, आणि गरिबाच्या तोंडचा घास ओढणारे पाद्री हे समाजाचे शत्रू आहेत, अशा अर्थाचं भाषण त्याने केलं. कोर्टात 'राजद्रोह, राजद्रोह' अशी कुजबुज झाली. ज्युरीने मॉरीला भरपाई दिली, एक पेनी.

अमेरिकेच्या शाळांत हा प्रसंग स्वातंत्र्याची नांदी म्हणून शिकवतात, आणि ते खरंच आहे. पण मी तो वाचला तेव्हा मला आमचे इमामसाहेब आठवले. राजाविरुद्ध केलेल्या त्या भाषणाची किंमत शेवटी एका पगारदार पाद्र्याच्या खिशातून गेली. व्हर्जिनियाच्या व्हेस्ट्रीजची आणखी एक युक्ती होती. पाद्र्याला गव्हर्नरपुढे नेऊन कायम केलं की त्याला काढता येत नसे. म्हणून अनेक व्हेस्ट्रीज त्याला कायम करतच नसत, वर्षावर्षाच्या बोलीवर ठेवत. रविवारी त्याने लोभावर प्रवचन केलं तर समोरच्या बाकावर कोण बसलंय हे त्याला माहीत असायचं.

स्वातंत्र्याच्या लढ्यातले किती पुढारी व्हेस्ट्रीतून आले याची यादी लांब आहे. जॉर्ज वॉशिंग्टन 1762 मध्ये ट्रूरो पॅरिशच्या व्हेस्ट्रीवर आला, पुढे वॉर्डनही झाला. जॉर्ज मेसन त्याच्या आधीपासून तिथे होता. टॉमस जेफरसनही आपल्या भागात व्हेस्ट्रीमन होता. आणि याच जेफरसनने लिहिलेल्या धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याने, जो जानेवारी 1786 मध्ये मंजूर झाला, या चर्चचं सरकारी आसन काढून घेतलं. कायद्याच्या मजकुरात येशूचं नाव घालायची दुरुस्ती आली होती, ती मोठ्या बहुमताने पडली. म्हातारपणी आठवणी लिहिताना जेफरसनने याचा अर्थ सांगितला की, यहुदी, ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू आणि काहीच न मानणारा, या सगळ्यांना कायद्याच्या छायेत घ्यायचं सभागृहाने ठरवलं होतं. मुसलमान आणि हिंदू हे शब्द त्याने लिहिले आहेत. त्याच्या मालकीच्या शेकडो गुलामांचा देव कोणता, हे मात्र त्या यादीत नाही.

गरिबांची मदत 1785 च्या कायद्याने काउंटीकडे गेली. चर्चच्या इनामी जमिनी 1802 च्या कायद्याने सरकारने घ्यायला सुरुवात केली. कर गेला, जमीन गेली, राजा गेला. बिशप तर आधीच नव्हता. व्हेस्ट्री तेवढी उरली.

या पडक्या घरातून नवं चर्च उभं करण्याचा आराखडा फिलाडेल्फियाच्या विल्यम व्हाइटने 1782 मध्ये एका पुस्तिकेत मांडला. तेव्हा तो चौतिशीचा होता, क्राइस्ट चर्चचा रेक्टर, म्हणजे मुख्य पाद्री. त्याचं म्हणणं असं की सत्ता खालून वर जाऊ द्या. पॅरिशने प्रतिनिधी निवडावेत, सभेत पाद्री आणि प्रापंचिक दोघेही बसावेत. कनेटिकटच्या पाद्र्यांना हे पाखंड वाटलं. आधी बिशप, मग चर्च, असं ते म्हणत. त्यांनी सॅम्युअल सीबरीला लंडनला धाडलं. तिथे बिशप व्हायचं तर राजनिष्ठेची शपथ आडवी आली. म्हणून तो स्कॉटलंडला गेला आणि 14 नोव्हेंबर 1784 ला अॅबरडीनमध्ये बिशप होऊन आला. पाच वर्षे दोन्ही बाजू ताणत राहिल्या. 1789 च्या घटनेत तडजोड झाली. बिशपांचं एक सभागृह, प्रतिनिधींचं दुसरं. प्रतिनिधींत पाद्री आणि प्रापंचिक दोन्ही, आणि मोठ्या प्रश्नावर दोघांची मतं वेगवेगळी मोजायची. म्हणजे बिगर-पाद्र्यांची संमती नसेल तर नुसते बिशप आणि पाद्री मिळून ठराव रेटू शकत नाहीत. त्या काळात बिशप असलेल्या चर्चसाठी ही फार मोठी गोष्ट होती, आणि व्हाइटला त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

पण त्याच शहरात, त्याच व्हाइटच्या बिशपपणाखाली पुढची गोष्ट घडली. अॅब्सलम जोन्स गुलाम म्हणून जन्मला. रात्री काम करून पैसे साठवले, आधी बायकोचं स्वातंत्र्य विकत घेतलं, कारण मूल आईच्या दर्जाने जन्मतं, आणि स्वतः 1784 मध्ये सुटला. सेंट जॉर्ज या मेथडिस्ट चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना काळ्यांना ओढून उठवायचा प्रयत्न झाला, तेव्हा जोन्स, रिचर्ड अॅलन आणि बाकीचे बाहेर पडले. 1793 मध्ये शहरात पीतज्वराची साथ आली. गोरे शहर सोडून पळत असताना जोन्स आणि अॅलन यांच्या माणसांनी आजाऱ्यांची सेवा केली, प्रेतं उचलली. 17 जुलै 1794 ला त्यांचं स्वतःचं चर्च उघडलं, सेंट टॉमस, आणि ते एपिस्कोपल चर्चमध्ये सामील झालं.

सामील होताना त्यांनी घातलेल्या अटी मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा दस्तऐवज वाटतात. आमच्या चर्चचा कारभार कायम आमच्याच हाती राहील. आणि आमच्या जोन्सला आधी प्रार्थना चालवायची परवानगी, मग पात्र ठरल्यास दीक्षा मिळेल. कारभारी निवडणारे आणि निवडले जाणारे आफ्रिकी वंशाचेच असतील असंही त्यांनी आपल्या नियमांत घालून ठेवलं. पाद्री उद्या गोरा आला तरी चालेल, किल्ल्या आमच्याकडे. ज्यांचं स्वतःचं शरीरसुद्धा कालपर्यंत दुसऱ्याच्या नावावर होतं, त्यांना मालकीचा अर्थ कुणी शिकवायची गरज नव्हती.

गोऱ्यांनी या अटी मान्य केल्या आणि आपली एक अट घातली. जोन्सला ग्रीक-लॅटिनची सूट देऊ, तो 1795 मध्ये डीकनही होईल. पण सेंट टॉमसने प्रांताच्या सभेत प्रतिनिधी पाठवायचा नाही. म्हणजे आपलं घर सांभाळा, गावच्या चावडीवर येऊ नका. बिगर-पाद्र्यांना आवाज असावा म्हणून पुस्तिका लिहिणाऱ्या व्हाइटच्या प्रांतात ही बंदी 1860 च्या दशकापर्यंत टिकली. न्यूयॉर्कमध्ये सेंट फिलिप या काळ्यांच्या चर्चलाही असंच बाहेर ठेवलं होतं. तिथे जॉन जे नावाचा वकील, देशाच्या पहिल्या सरन्यायाधीशांचा नातू, वर्षानुवर्षे तोच ठराव घेऊन सभेत उभा राहिला. 1853 मध्ये दार उघडलं. हा जे पाद्री नव्हता. त्याचा पगार कुणी कापू शकत नव्हतं, हे त्याच्या चिकाटीचं एक कारण असावं असं मला वाटतं.

आज ही व्यवस्था कशी चालते? वर्षातून एकदा पॅरिशची सभा भरते. व्हेस्ट्रीचे सभासद निवडून येतात, बहुतेक ठिकाणी तीन वर्षांसाठी, आणि दरवर्षी एक तृतीयांश निवृत्त होतात. 1662 ची 'आमच्यातूनच आम्ही' ही पद्धत गेली. एक सीनियर वॉर्डन, एक ज्युनियर वॉर्डन. रेक्टरची जागा रिकामी झाली की सीनियर वॉर्डन गाडा ओढतो. ज्युनियरच्या नशिबी सहसा छप्पर, नळ आणि बॉयलर येतात, म्हणजे आमच्या हौदाच्या गळतीचा अमेरिकी भाऊबंद. मालमत्तेच्या बाबतीत कायद्यापुढे पॅरिश म्हणजे व्हेस्ट्री. हिशेबाची दरवर्षी तपासणी सक्तीची आहे. नवा रेक्टर व्हेस्ट्री निवडते, मात्र निवडीआधी नाव बिशपला कळवून त्याचं म्हणणं ऐकावं लागतं.

आणि काढायचं असेल तर? इथे मी वाचता वाचता थांबलो होतो. निवडायचा हक्क व्हेस्ट्रीला आहे, एकटीने काढायचा नाही. प्रार्थना कशी व्हावी, काय शिकवावं हे रेक्टरच्या हातात असतं. व्हेस्ट्रीच्या बैठकीचा अध्यक्षही बहुधा तोच. वाद झाला तर प्रकरण बिशपकडे जातं, दोन्ही बाजू ऐकल्या जातात, वेळ दिला जातो. मॉरीच्या काळातली वर्षावर्षाची बोली आता कायम झालेल्या रेक्टरला लागू नाही. आमच्या मोहल्ल्यात बिशप नाही आणि नको. पण रात्रीत खोली रिकामी करायला लावता येणार नाही, एवढी एक पायरी मधे असती तर! अब्बांना हे सांगायला हवं होतं. तोवर ते गेले होते.

व्हेस्ट्रीच्या हक्कालाही वरून एक कडी आहे. इमारत गहाण टाकायची किंवा विकायची तर बिशप आणि प्रांताच्या स्थायी समितीची संमती लागते. 1979 मध्ये आणखी एक नियम झाला की पॅरिशची मालमत्ता ही संपूर्ण चर्चसाठी विश्वस्त म्हणून धरलेली आहे. याची परीक्षा झाली वॉशिंग्टनच्याच गावाकडे. फॉल्स चर्चची विटांची इमारत 1769 ची, ती पॅरिश ट्रूरोमधूनच वेगळी झालेली. 2003 मध्ये न्यू हॅम्पशायरने जीन रॉबिन्सन या उघडपणे समलैंगिक असलेल्या पाद्र्याला बिशप केलं. त्यावरून व्हर्जिनियातल्या अनेक मंडळ्या बिथरल्या आणि डिसेंबर 2006 मध्ये फॉल्स चर्चने मोठ्या बहुमताने बाहेर पडायचं ठरवलं. माणसं बाहेर पडली, इमारत कुणाची? वर्षानुवर्षे खटला चालला. 2012 मध्ये निकाल प्रांताच्या बाजूने लागला, 2013 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला, 2014 मध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. बहुसंख्य लोक गेले, मागे राहिलेल्या मूठभरांना इमारत मिळाली.

बाहेर पडणाऱ्यांचा रॉबिन्सनविषयीचा राग मला मान्य नाही. पण ज्यांच्या आजी-आजोबांनी त्या छपराला पैसे दिले, त्यांना एका सकाळी किल्ल्या टेबलावर ठेवाव्या लागल्या, हे वाचताना बरं वाटलं नाही. दुसरीकडे, आजच्या बहुमताने ठरवलं म्हणून मेलेल्यांनी एका कामासाठी दिलेली जागा दुसऱ्या कामाला वळवता येते का? वक्फच्या कायद्याची थोडीफार ओळख असलेल्या कुणालाही हा प्रश्न नवा नाही. तिथेही मुतवल्ली सांभाळणारा असतो, मालक नाही. दोन्ही बाजूंचा युक्तिवाद मी तीनतीनदा वाचला आणि न्यायाधीश नसल्याचं मला बरं वाटलं.

बायकांचं राहिलं. आमच्या मस्जिदीच्या नव्या सतरंज्यांसाठी घरोघर फिरून वर्गणी गोळा केली ती माझ्या आईने आणि तिच्या मैत्रिणींनी. सभेचं बोलावणं त्यांना कधी आलं नाही. एपिस्कोपल चर्चच्या बायकांची स्वतंत्र संघटना 1871 पासून होती. 1889 पासून त्या घरोघरच्या डब्यांतली चिल्लर जमवून चर्चला देत. मिशन चालली, शाळा चालल्या, दवाखाने चालले. पण कित्येक प्रांतांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बाईला व्हेस्ट्रीवर जागा नव्हती. 1946 च्या राष्ट्रीय सभेत मिझुरीहून एक बाई प्रतिनिधी आली, तिला बसू दिलं. 1949 मध्ये चार आल्या, त्यांना नाकारलं. नियम बदलायला 1967 उजाडलं आणि बायका हक्काने आत बसल्या त्या 1970 मध्ये.

चार वर्षांनी, 29 जुलै 1974 ला, पुन्हा फिलाडेल्फियाच. शहराच्या उत्तर भागात चर्च ऑफ द अॅडव्होकेट आहे. इतर चर्चमध्ये बाकांचं भाडं घेत तेव्हाही इथे बाक सगळ्यांना फुकट होते. त्या दिवशी तीन बिशपांनी नियमांची परवानगी नसताना अकरा बायकांना पाद्रीपदाची दीक्षा दिली. मिरवणुकीच्या पुढे क्रूस धरून चालत होती त्या पॅरिशची सीनियर वॉर्डन, बार्बरा हॅरिस. काळी बाई, एका तेल कंपनीत जनसंपर्काचं काम करणारी. तिला स्वतःला दीक्षा नव्हती. राष्ट्रीय सभेने बायकांच्या दीक्षेला 1976 मध्ये मान्यता दिली, हॅरिस 1980 मध्ये पाद्री झाली, आणि 11 फेब्रुवारी 1989 ला बॉस्टनमध्ये बिशप. जगभरच्या अँग्लिकन चर्चमधली पहिली बाई बिशप. तिच्या निवडीवर हरकत घेणाऱ्यांच्या यादीत एक मुद्दा असाही होता की ती रीतसर धर्मशास्त्राच्या कॉलेजात शिकलेली नाही. अॅब्सलम जोन्सलाही दोनशे वर्षांपूर्वी त्याच शहरात ग्रीक-लॅटिन येत नव्हतं.